साभार परत आलेल्या चार कथा

पत्र : मी जलसंपदा खात्यातून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि वारज्याला राहते. नोकरीत असतानाच कथा लिहू लागले होते. आजवर माझ्या सात कथा मासिकांत आणि दिवाळी अंकांत छापून आल्या आहेत. परंतु चार कथा अशा आहेत, की त्या कुठेही पाठवल्या तरी ‘साभार परत’ येतात किंवा त्यांच्याबद्दल काहीच कळत नाही. पहिली पाटकऱ्यावरची, म्हणजे कालव्याचे पाणी पाळीने शेतांना सोडणाऱ्या कर्मचाऱ्यावरची, तेरा हजार शब्दांची दीर्घकथा आहे. दुसरी एका गृहनिर्माण संस्थेच्या सूचना, इतिवृत्ते आणि तक्रारअर्ज यांतूनच सांगितलेली आहे. तिसरी पूर्णपणे पुरंदर तालुक्यातल्या, माझ्या माहेरच्या बोलीत आहे. चौथी विज्ञानकथा आहे. एका संपादकांनी ‘कथा चांगली आहे, पण आमच्या अंकात बसत नाही’ असे कळवले. मग ती बसते तरी कुठे? दीर्घकथा चार हजार शब्दांवर आणावी का? बोलीतली कथा प्रमाण मराठीत लिहून काढावी का? एकच कथा एका वेळी चार ठिकाणी पाठवली तर चालते का? चारही कथा आणि त्या आजवर कुठे पाठवल्या त्याची यादी सोबत जोडली आहे. शिवाय अंकात कथा छापायला दिली म्हणजे तिच्यावरचा माझा हक्क जातो का, अशी धास्तीही वाटते.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या चारही कथा मी दोनदा वाचल्या. त्यांपैकी तीन पूर्ण झालेल्या आहेत आणि आज ना उद्या त्या छापल्या गेल्या पाहिजेत, असे मला मनापासून वाटते. चौथीबद्दल शेवटी लिहितो, कारण तिची अडचण वेगळी आहे.

‘अंकात बसत नाही’ हे वाक्य तुम्हाला नकाराची सभ्य रीत वाटले असावे. मी नारायण पेठेत बसून बरीच वर्षे दिवाळी अंकांच्या संपादनाचे काम केले आहे आणि हे वाक्य मीही अनेकांना लिहिले आहे. ते पुष्कळदा शब्दशः खरे असते. अंक फर्म्यांत छापला जातो, फर्मा म्हणजे एका कागदावर एकत्र छापला जाणारा आठ किंवा सोळा पानांचा गट असतो, जाहिरातींची पाने आधी ठरलेली असतात आणि निमंत्रित लेखकांचे साहित्य येऊन पडलेले असते. यानंतर जी पाने उरतात, त्यांतच निमंत्रणाशिवाय आलेल्या कथेला जागा मिळू शकते. संपादकाला त्या उरलेल्या पानांसाठी अशी कथा हवी असते, जी लांबीने तिथे मावेल आणि आजूबाजूच्या साहित्याच्या सोबतीत परकी वाटणार नाही. तुमच्या तीन कथांपैकी प्रत्येकीत यांतली एक तरी अडचण आहे, परंतु तिघींची अडचण एकच नाही. तरीही तुम्ही त्या तिन्ही कथा जवळपास त्याच पाच-सहा अंकांना पाठवल्या आहेत, असे तुमच्या यादीवरून दिसते. ज्या अंकांनी तुमच्या आधीच्या सात कथा घेतल्या, तिकडेच याही पाठवाव्यात असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या सात कथा अडीच-तीन हजार शब्दांच्या, प्रमाण मराठीतल्या, कौटुंबिक विषयाच्या आणि सरळ निवेदनाच्या होत्या. त्यांच्या ओळखीवर या तीन कथांना आत घेतले जाईल, असे होत नाही.

काही दशकांपूर्वी हा शोध थोडा सोपा होता. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेला वर्षातून एकदा मोठे अंगण मिळाले हे खरे, पण कथेचा रोजचा संसार मासिकांत चालत असे. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ होती, मुंबईत ‘सत्यकथा’ होती, पुण्यात १९६० साली ‘मेनका’ आली. कथालेखकाला वर्षात बारा महिने आणि प्रत्येक महिन्यात चार-पाच दारे होती. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद झाली. गंभीर आणि लांब लेखनाला आस्थेने जागा देणारे, १९९५ साली पुण्यातून सुरू झालेले ‘अंतर्नाद’ही आता नाही. आज कथेचा मोठा भाग दिवाळी अंकांवर विसंबून आहे आणि उरलेला भाग थोडी मासिके, द्वैमासिके, त्रैमासिके आणि अनियमित निघणारे अंक यांनी सांभाळला आहे. अंक आजही शेकड्यांनी निघतात, पण एका अंकात वर्षातून एकच संधी असल्यामुळे चुकीच्या जागी पाठवलेल्या कथेचे पूर्ण वर्ष जाते. पूर्वी चूक महिन्याभरात सुधारता येई.

म्हणून पाठवण्याआधी वाचन करावे लागेल, आणि हे वाचन वाचकाच्या सवयीने करून चालणार नाही. पुण्यात राहणाऱ्या माणसाला यासाठी मोठी सोय आहे. बुधवार चौकातले पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे आहे, नारायण पेठेतले पुणे मराठी ग्रंथालय १९११ सालचे, टिळक रस्त्यावर साहित्य परिषदेचे ग्रंथालय आहे. तिथे मागच्या वर्षांचे अंक पाहायला मिळतात का, याची चौकशी करावी आणि एकाच अंकाची लागोपाठ तीन वर्षे समोर ठेवून बसावे. प्रत्येक कथेची पाने मोजावीत, निवेदन कोणत्या भाषेत आहे ते पाहावे, आणि तुम्ही कधीही न ऐकलेली नावे किती आहेत ती वेगळी लिहून ठेवावीत. तीन वर्षांत एकही अनोळखी नाव दिसले नाही, तर तो अंक कितीही आवडता असला तरी सध्या यादीतून काढून टाकावा, कारण तो बहुधा निमंत्रितांच्याच साहित्यावर निघतो. एखाद्या अंकात दोन वर्षांत दोनदा वीस पानांची कथा दिसली, तर तिथल्या संपादकाला लांब कथा वाचायचा धीर आहे आणि प्रकाशकाला ती छापायची तयारी आहे, हे तुम्हाला कोणाला न विचारता कळते. अंकाच्या नावावरून किंवा त्याच्या प्रतिष्ठेवरून हे कळत नाही. माझ्या परिचयातले कितीतरी चांगले कथाकार हे मोजण्याचे काम कमीपणाचे मानतात आणि वर्षानुवर्षे त्याच तीन अंकांकडून कथा परत घेत राहतात, याचे मला फार वाईट वाटते.

मोजताना आणखी एक गोष्ट पाहावी. अवघड कथेला दोन अंगे असतात, एक तिच्या मांडणीचे आणि दुसरे तिच्या विषयाचे. ही दोन्ही अंगे जिथे नवखी आहेत, तिथे ती कथा सहसा उभी राहत नाही. त्यांपैकी एक तरी अंग ज्या संपादकाच्या ओळखीचे आहे, तो दुसऱ्या अंगाशी झटापट करायला तयार होतो. तुमच्या कथांना याच कसोटीने जागा शोधूया.

पाटकऱ्याच्या कथेपासून सुरुवात करतो, कारण ती मला सर्वांत मोलाची वाटते आणि तिची वेळ निघून जात आहे. ती चार हजार शब्दांवर आणू नका. तिची लांबी तिच्या विषयातूनच आली आहे. रब्बीत पाटाला पाणी सोडण्याची एक पूर्ण पाळी, चौदा दिवस, टेलच्या म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापासून वर सरकत येणारी शेजपाळी, म्हणजे एकामागून एक शेताला पाणी देण्याचा क्रम, आणि प्रत्येक रात्री पाटाच्या कडेने चालणारा तो एकटा माणूस. या चालण्याचा थकवा वाचकाच्या अंगात उतरल्याशिवाय, अकराव्या रात्री तो चारीचे, म्हणजे पाटाच्या छोट्या फाट्याचे, दार मुद्दाम उघडे ठेवतो त्या कृतीला वजन येणार नाही. चार हजार शब्दांत फक्त ‘पाटकऱ्याने पाणी चोरू दिले’ एवढी घटना उरेल, आणि घटना तर वर्तमानपत्रातही येते. तरीही तेरा हजार शब्द म्हणजे छापील अंकात काय, हे तुम्ही डोळ्यांसमोर आणले पाहिजे. दिवाळी अंकाच्या मोठ्या आकाराच्या, दोन रकान्यांच्या पानात साधारण पाचशे ते साडेपाचशे शब्द मावतात. शीर्षकचित्र आणि मधली एक-दोन रेखाटने धरली तर तुमची कथा सुमारे सत्तावीस पाने घेईल. आठ पानी फर्म्यांच्या हिशोबाने ते जवळजवळ साडेतीन फर्मे होतात. तुमच्या जागी दुसऱ्या चार लेखकांच्या कथा घेता येतील, हे संपादकाला दिसत असते. म्हणूनच ही कथा त्याच्याकडे सप्टेंबरात पोचून उपयोग नाही. गुढीपाडव्यानंतर अंकांची आखणी सुरू होते, जूनअखेरपर्यंत मोठ्या साहित्याच्या जागा ठरतात, आणि गणपती बसेपर्यंत पाने जवळजवळ बांधली गेलेली असतात. तुम्ही ही कथा दोन वर्षे ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाठवली. तोवर तिच्या लांबीची रिकामी जागा एकाही अंकात उरलेली नसणार, मग संपादकाला ती कितीही आवडो.

दीर्घकथेला जागा देण्याची परंपरा ‘मौज’, ‘दीपावली’, ‘हंस’ यांसारख्या दिवाळी अंकांत आहे. त्यांचे आणि तुमच्या मोजणीतून पुढे आलेल्या आणखी दोन-तीन अंकांचे गेल्या वर्षीचे अंक पाहून मग क्रम ठरवा. पूर्ण कथा आधी न पाठवता एक छोटे पत्र पाठवा. ते असे असावे : ‘रब्बीच्या एका पाळीत, चौदा दिवसांत, एका पाटकऱ्याच्या आयुष्यात घडणारी ही दीर्घकथा सुमारे तेरा हजार शब्दांची आहे. ती अप्रकाशित असून सध्या अन्यत्र विचाराधीन नाही. आपल्या गेल्या दोन अंकांतील दीर्घकथा वाचल्या, म्हणून विचारत आहे. वाचण्याची इच्छा असल्यास कथा त्वरित पाठवते.’ खात्यात तुम्ही तीस वर्षे काम केले हे एका ओळीत जरूर सांगा, कारण पाटावरची माणसे तुम्ही जवळून पाहिली आहेत, हा भरवसा संपादकाला मिळतो. ‘मी नवोदित आहे, चुकल्यास क्षमा असावी’ असे मात्र लिहू नका. सात कथा छापून आलेली लेखिका नवोदित नसते.

याच संदर्भात मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिचा सल मला अजून आहे. मी ज्या अंकासाठी काम करत होतो, तिथे एका लेखकाची दीर्घकथा लागली होती. छपाईला दोन दिवस असताना एक पूर्ण पानाची जाहिरात आली, फर्मा वाढवणे परवडणारे नव्हते, आणि कथेची शेवटची पाने आवळण्यात आली. लेखकाला विचारायला वेळ नव्हता असे तेव्हा आम्ही स्वतःला सांगितले. खरे तर एका फोनचा वेळ होता. त्या कथेचा शेवट तिच्या लेखकाने लिहिला तसा आजवर कोणी वाचलेला नाही. तेव्हापासून प्रत्येक दीर्घकथाकाराला मी सांगतो, की कथा स्वीकारल्याचे कळताच ‘काटछाट करावी लागल्यास मला आधी कळवावे, मी एका दिवसात करून देईन’ असे लेखी कळवा, आणि आपल्याकडे अशा दोन-तीन जागा आधीच हेरून ठेवा, जिथून तीनशे-चारशे शब्द काढले तरी कथेला इजा होणार नाही. तुमच्या कथेत सहाव्या रात्रीचा शाखा अभियंत्याचा संवाद ही तशी एक जागा आहे. अकरावी रात्र आणि त्यानंतर वहीत लिहिलेले गेजचे (पाण्याच्या मोजपट्टीचे) आकडे यांना कोणी हात लावू नये.

गृहनिर्माण संस्थेची कथा तुम्ही आतापर्यंत कौटुंबिक मासिकांना आणि एका विनोदी अंकाला पाठवली. सूचनाफलक आणि इतिवृत्त पाहून ती विनोदी ठरते असे तुम्हाला वाटले असेल, पण ती एकट्या राहणाऱ्या स्त्रीला इमारतीतून सभ्यपणे, नियमांवर बोट ठेवून बाहेर काढण्याची कथा आहे, आणि ती वाचून मला फार अस्वस्थ वाटले. तिच्या दोन अंगांचा विचार केला तर दोन वेगळ्या दिशा दिसतात. विषयाच्या बाजूने पाहिले तर १९८९ साली विद्या बाळ यांनी पुण्यात सुरू केलेले ‘मिळून साऱ्याजणी’ हे मासिक समोर येते. एकट्या स्त्रीच्या घराचा प्रश्न तिथे कोणाला समजावून सांगावा लागणार नाही, त्यामुळे मांडणीचे वेगळेपण संपादकांना पेलता येईल. मांडणीच्या बाजूने पाहिले तर मराठीत प्रयोगाला जागा देणारी नियतकालिके वेगळीच आहेत. १९५५ साली मुंबईत ‘शब्द’ निघाले आणि तिथून पुढे लघुअनियतकालिकांची, म्हणजे अनियमित निघणाऱ्या छोट्या अंकांची, जी चळवळ वाढली, ती प्रस्थापित मासिकांत न बसणाऱ्या लेखनासाठीच. तो वारसा ‘अनुष्टुभ’, ‘मुक्त शब्द’, ‘खेळ’ यांसारख्या नियतकालिकांनी आपापल्या परीने चालवला आहे. यांच्याकडे मानधनाची अपेक्षा ठेवू नये आणि अंक नेमका कधी येईल याचीही फार वाट पाहू नये, परंतु तिथले वाचक तुमची कथा शेवटच्या तक्रारअर्जापर्यंत वाचतील. मी तुमच्या जागी असतो तर आधी विषयाचे दार वाजवले असते, कारण या कथेची गरज साहित्यिक वाचकांपेक्षा सोसायटीच्या सभांना जाणाऱ्या वाचकांना अधिक आहे.

या कथेची एक तांत्रिक बाजू आहे आणि ती नकाराचे कारण ठरू शकते. चौकटी, जावक क्रमांक, सह्यांच्या जागा हे सारे तुम्ही संगणकावर छान मांडले आहे, पण संपादकाच्या पडद्यावर ते उघडले की ओळी विस्कटतात आणि कथा कच्ची वाटते. म्हणून दोन धारिका (फाइली) पाठवा : एक पीडीएफ, म्हणजे मांडणी तुम्हाला हवी तशी दिसेल, आणि दुसरी साधी युनिकोडमधली, अक्षरजुळणीसाठी.

आता बोलीतल्या कथेबद्दल. अंजिराच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या बाईच्या तोंडून आलेली ही कथा प्रमाण मराठीत लिहून काढली तर तिच्यात काय उरेल, याचा प्रयोग मी पहिल्या परिच्छेदापुरता करून पाहिला. माहिती सगळी उरली, पण ती बाई उरली नाही. तेव्हा भाषांतर करू नका. बोली हा मराठी कथेला नवा प्रकार नाही, ग्रामीण आणि दलित साहित्याने तो रस्ता केव्हाच पक्का केला आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेत ‘अस्मितादर्श’ उभे केले ते अशाच लेखनासाठी, ज्याची भाषा आणि अनुभव इतर नियतकालिकांच्या संपादकांना वाचता येत नव्हता. संपादकाला बोलीचे वावडे आहे असे आपण पटकन म्हणतो. माझा अनुभव असा आहे, की त्याला बोलीपेक्षा बोलीतल्या विसंगतीचा त्रास होतो. तुमच्याच कथेत पहिल्या पानावर ‘पानी’ आहे आणि चौथ्या पानावर ‘पाणी’. कुठे ‘व्हतं’ आहे, कुठे ‘हुतं’ आणि दोन ठिकाणी चक्क ‘होते’. माणूस बोलताना अशी सरमिसळ करतो, हे मला मान्य आहे, पण छापील पानावर वाचकाला ती लेखिकेची गफलत वाटते. निवेदिका एकच आहे, तेव्हा तिची रूपे एकदा ठरवा, शब्दांची एक यादी करा आणि पूर्ण कथा त्या यादीशी ताडून पाहा. सरपंचाच्या आणि शाळेतल्या बाईंच्या तोंडची रूपे वेगळी ठेवलीत, ते अगदी योग्य आहे, ती तशीच राहू द्या. शेवटी जोडलेली पस्तीस शब्दांची अर्थसूची काढून टाका. त्यांतले तीस शब्द संदर्भाने कळतात, उरलेल्या पाचांसाठी वाक्यातच थोडी सोय करता येईल.

ही कथा पुण्या-मुंबईच्या अंकांपुरती मर्यादित ठेवू नका. सातारा, कोल्हापूर, सांगली, नगर या भागांतून निघणारे दिवाळी अंक तुम्ही यादीत घेतलेलेच नाहीत, आणि तिथल्या संपादकाला ही बोली कानाने ओळखीची आहे. साहित्य संस्थांच्या नियतकालिकांबद्दल मात्र आधी अंक पाहून मग ठरवा. उदाहरणार्थ, ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’ ही मुख्यतः समीक्षेची आणि संशोधनाची पत्रिका आहे, तिथे कथा पाठवून उत्तराची वाट पाहण्यात अर्थ नाही. तुम्ही तिथे ही कथा पाठवली होती, म्हणून सांगतो.

चौथ्या कथेकडे येतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचे पाणी शहराला किती आणि कालव्याला किती, हे एक संगणकप्रणाली ठरवू लागते, ही कल्पना तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला इतक्या तपशिलाने सुचली नसती. पण आठव्या पानावर नायिकेची मुलगी परदेशातून येते आणि तिथून पुढे ती प्रणाली कथेतून निघून जाते. उरलेली अर्धी कथा मायलेकींच्या दुराव्याची आहे. प्रणालीचा निर्णय काढून टाकला तरी तो दुरावा जसाच्या तसा राहतो, म्हणजे इथे दोन कथा आहेत आणि दोन्ही अर्ध्या आहेत. विज्ञानकथेचा संपादक म्हणतो ही कौटुंबिक आहे आणि कौटुंबिक अंकाचा संपादक म्हणतो ही विज्ञानकथा आहे, आणि या एका बाबतीत दोघांचेही बरोबर आहे. या वर्षी ती कुठेही पाठवू नका. प्रणालीच्या निर्णयाची झळ त्या दोघींच्या नात्याला नेमकी कुठे लागते, ते शोधून ती पुन्हा लिहा. त्यानंतर अनंत अंतरकरांनी सुरू केलेले ‘नवल’ आणि रहस्य, भय व विज्ञानकथांसाठी ओळखला जाणारा ‘धनंजय’ हे दिवाळी अंक पाहा, आणि मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेची घोषणा झाली आहे का याकडे लक्ष ठेवा. याच परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती, कारण आपल्या नावाचा परिणाम परीक्षकांवर होऊ नये अशी त्यांची इच्छा होती; त्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. ज्या प्रकाराला नियतकालिके कमी आहेत, त्याला अशी स्पर्धा हे खरोखरचे दार असते. प्रवेशशुल्क घेणाऱ्या किंवा निवड झाल्यावर अंकाच्या पन्नास प्रती विकत घ्यायला लावणाऱ्या स्पर्धांपासून आणि अंकांपासून मात्र दूर राहा.

एकच कथा एका वेळी चार ठिकाणी पाठवू नका. आपल्याकडे संपादक बहुतेकदा स्वीकृती कळवायला उशीर करतात, काही थेट छापून मोकळे होतात, आणि एकच कथा एकाच दिवाळीत दोन अंकांत आलेली मी पाहिली आहे. त्यानंतर त्या लेखिकेला दोन्हीकडे पुन्हा लिहिणे अवघड झाले. पण मौनाची वाट वर्षभर पाहावी असाही याचा अर्थ नाही. कथा पोचल्याची खात्री करून घ्या, आठ आठवड्यांनी एकदा विनम्र चौकशी करा, आणि आणखी महिन्याभरात उत्तर आले नाही तर ‘कथा मी परत घेत आहे, आता ती अन्यत्र पाठवत आहे’ असे दोन ओळींत कळवून पुढच्या ठिकाणी पाठवा. दीर्घकथेच्या बाबतीत वेळ कमी असतो, म्हणून आधी फक्त विचारणेचे पत्र पाठवायला सांगितले. अशी पत्रे तीन अंकांना एकदम पाठवायला हरकत नाही, कथा मात्र ज्यांचा होकार प्रथम येईल त्यांनाच द्यावी आणि इतरांना त्याच दिवशी तसे कळवावे.

अंकात कथा छापायला दिली म्हणजे तिच्यावरचा हक्क गेला, अशी धास्ती तुम्ही पत्राच्या शेवटी व्यक्त केली आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. तसे काही तुम्ही लिहून दिले नसेल तर कथा तुमचीच राहते आणि पुढे संग्रहात घेता येते. कोणी छापील करारपत्र पाठवलेच, तर मुदतीचा रकाना रिकामा सोडू नका; मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो.

आज मे महिन्याचा दुसरा आठवडा आहे. दीर्घकथेची विचारणा या महिन्यातच गेली पाहिजे, त्यासाठी ग्रंथालयातल्या दोन दुपारी पुरतील. सूचनाफलकाच्या कथेला दिवाळीचे बंधन नाही, ती जूनमध्ये पाठवा. बोलीतल्या कथेची रूपे ताडून झाली, की तिच्या पहिल्या पानाच्या वर मुद्रितशोधकासाठी ठळक अक्षरांत एक सूचना लिहा : ‘या कथेतील बोलीची रूपे हेतुपूर्वक ठेवली आहेत, ती प्रमाणलेखनानुसार बदलू नयेत.’ हीच सूचना संपादकांच्या पत्रातही लिहा, आणि मुद्रिते (प्रूफे) पाहायला मागा. युनिकोडमधला मजकूर जुन्या फाँटमध्ये नेताना ‘व्हतं’, ‘म्हंजी’, ‘ल्हान’ यांसारखी जोडाक्षरे तुटतात, आणि ती तुटली आहेत हे कार्यालयात कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ती बोलीच तशी असेल असे सर्वांना वाटते.